शेंदराखालची

मूर्तीखालची पाटी आज वाचायचीच नाही, असं मृणालीने ठरवून टाकलं होतं. धुळ्यातल्या त्या छोट्या संग्रहालयात ती रोज लोकांना मूर्ती दाखवत फिरायची. शिव, पार्श्वनाथ, सप्तमातृका, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण आज आलेली बारा माणसं साक्रीकडच्या एका गावची होती, आणि या कोपऱ्यातली मूर्ती त्यांच्याच गावची.

रस्ता रुंद करताना गावदेवीचा ओटा हलवला, तेव्हा चार बोटं जाडीचं शेंदराचं कवच गळून पडलं आणि आतून ही निघाली. एवढी जुनी मूर्ती उघड्यावर नको, म्हणून ग्रामसभेनेच ती इथे दिली. ओट्यासाठी जयपूरहून संगमरवरी देवी आली, शुक्रवारचा मुहूर्तही निघाला, आणि मग गावात दोन तट पडले. देवी धुळ्याला असेल तर नवीत प्राण कुठून आणायचा, असं अर्धं गाव विचारत होतं. शेवटी ठरलं की वच्छलाबाईंनी जाऊन बघावं. चाळीस वर्षं दर मंगळवारी देवीला तेल-शेंदूर लावला तो त्यांनी. त्या म्हणतील ते खरं.

वच्छलाबाई मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. काहीच ओळखीचं दिसेना. त्यांना माहीत होता तो एक लाल गोळा आणि त्यावर चिकटवलेले चांदीचे दोन वटारलेले डोळे. नवी नवरी होत्या तेव्हापासून त्या डोळ्यांना त्या भीत आल्या होत्या. कवच गळालं त्या दिवशी त्या लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला होत्या; परत आल्या तर ओटा रिकामा. आणि इथे तर काळ्या दगडाची एक सडपातळ बाई एक पाय उचलून पैंजण सारखं करत होती.

झुलालभाऊंना धीर नव्हता. माजी सरपंच, जयपूरची देवी त्यांनीच मागवलेली. पाटीवर काय आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. मृणालीने आधी दगडाची जात सांगितली, मग खिडकीकडचा नंदी दाखवला. भाऊ कसले ऐकतात. त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच मोठ्याने वाचलं, ‘सुरसुंदरी. बारावे शतक.’

आता सांगणं आलं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर शोभेसाठी अशा तरुणी कोरत, असं मृणाली म्हणाली. देवी नव्हे.

म्हणजे आता नव्या देवीला हरकत उरली नव्हती. खरं तर झुलालभाऊंचं काम सोपं झालं होतं, पण सगळ्यांत आधी चेहरा उतरला तो त्यांचाच.

“मंग इतला वरीस आम्ही नारळ कोनले चढाया?” त्यांनी विचारलं.

मृणालीच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आला नव्हता.

तेवढ्यात वच्छलाबाईंनी हात लावू का म्हणून विचारलं. हात लावायची मनाई होती; मृणाली स्वतः दिवसातून दहा वेळा ते बजावायची. तिने तसं सांगितलंही.

“डोयाले काय माहीत, बेटा? माहीत शे ते हातले.”

मृणालीने दाराकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. तळवा कपाळावर ठेवला आणि हळूहळू खाली आणला. गालापाशी मनगट आपोआप डावीकडे वळलं. शेंदूर कितीही चढला तरी तिथे हात असाच वळवावा लागायचा. वाकडंतिकडं लिंपते म्हणून सासूने त्यांना आयुष्यभर बोल लावला होता. वाकडं काही नव्हतंच. मान कललेली होती.

“तीच शे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

मग त्या बघतच राहिल्या. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. ही खाली काय बघते ते दिसावं म्हणून गुडघ्यावर हात टेकून चक्क फरशीवर बसल्या. पैंजणाची कडी निसटली होती, तेवढंच. दगडातली ती स्वतःशीच हसत होती. तिला गावाची, नवसांची काही फिकीर नव्हती. वच्छलाबाईंची चाळीस वर्षांची भीती कुठल्या कुठे गेली आणि डोळ्यांना पाणी आलं.

“मी हिले माय म्हनं. हाई ते पोर शे.”

झुलालभाऊ त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. अक्का, गावाला काय सांगायचं, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. ही तीच असेल तर शुक्रवारी काय करायचं?

वच्छलाबाईंनी पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. ओटा रिकामा ठेवायला त्यांचं मन होत नव्हतं. आणि हिला परत नेऊन पुन्हा लाल लिंपायचं, या कल्पनेनेच त्यांना कसंतरी झालं.

“सांग, माय गावमाच शे,” त्या म्हणाल्या. “हाई तिनी पोर. शिकाले धुयाले ऱ्हास.”

झुलालभाऊंनी मान डोलावली. इतरांनीही डोलावली. एकेक जण मूर्तीला नमस्कार न करता, नुसता बघून पुढे गेला. वच्छलाबाई मागे राहिल्या. मृणालीने त्यांना हात देऊन उठवलं, तो हात त्यांनी सोडला नाही.

“आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेरले येतस,” त्या म्हणाल्या. “हिलेबी धाडजात.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सगळ्या लेकींच्या माहेरपणाचा सण. पण मूर्ती संग्रहालयाबाहेर जात नाही, हे वाक्य मृणालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि विचारलं, “यंदा आखाजी कधी आहे, आजी?”