धाकट्याची खुर्ची

"दोनच खुर्च्या मांड," अध्यक्ष म्हणाले. "बाकीच्यांवर काय भुतं बसवायचीत?"

धाकट्याने हातातली घडीची खुर्ची परत भिंतीला टेकवली. सवयीने हात चालत होते. दर वर्षी सभेच्या दिवशी खुर्च्यांची रांग तोच मांडायचा, मागे उभं राहणाऱ्यांसाठी बाकही तोच ओढायचा.

छायाचित्रकार संघटनेचा रिवाज जुना. वार्षिक सभा संपली की सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि तो काढायचा सर्वांत धाकट्या सभासदाने. नव्याचा हात कसा आहे ते कळतं, म्हणे. तो दाखल झाला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. पुढच्या वर्षी कोणी नवं येईल, ते कॅमेऱ्यामागे जाईल आणि आपण कडेला का होईना, फोटोत उभे राहू, असं त्याला वाटायचं. वाट बघता बघता केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, नातवंडं झाली. संघटनेत मात्र तो धाकटाच राहिला. भिंतभर फोटो टांगलेले, आणि एकातही तो नाही. बायको म्हणायची, वर्षातून एकदा इस्त्रीचा सदरा घालून जाता कुठे, पुरावा काय? ती हसायची, तोही हसायचा. मग सदरा काढून खुंटीला लावायचा.

कोणीच आलं नाही असंही नाही. एक आली होती. कुरळ्या केसांची पोरगी, हातात नुसता फोन. पण फोटो असे, की त्यातल्या म्हातारीच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवावंसं वाटे. अंधारखोलीत कधी काम केलंस का, तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मतं समसमान पडली आणि उरलं धाकट्याचं. त्याचं तारुण्य अंधारखोलीत गेलं होतं. लाल दिव्याखाली कोरा कागद रसायनाच्या पाण्यात हलवत राहायचं, हलवत राहायचं, आणि तळ्यातून कोणी वर यावं तसा त्यावर चेहरा यायचा. ते न बघता कोणी फोटोग्राफर होतं का? त्याने नकाराला हात वर केला. पोरगी "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पुढे संघटनेला ओहोटी लागली. कोणाच्या स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं, कोणाच्या कपड्यांचं दुकान. कोणी लेकाकडे परगावी गेलं, कोणी देवाघरी. तिघं तरी असतील तरच संघटना, असा नियम होता. गेल्या महिन्यात खजिनदार गेले आणि दोघं उरले. आज तिसरं माणूस मिळालं नाही तर उद्या भिंतीवरचे फोटो उतरवायचे आणि खोली सोडायची. धाकट्यानेच अध्यक्षांच्या हातापाया पडून त्या पोरीला निरोप धाडायला लावला होता.

ती आली. आता मोठ्या रस्त्यावर तिचा स्टुडिओ होता, हाताखाली माणसं होती. तरी दारात थांबून, येऊ का विचारून आत आली. अध्यक्षांनी तिला प्रमाणपत्राचं सांगितलं, कोटाला लावायच्या बिल्ल्याचं सांगितलं, संघटनेच्या नावाला अजून कसा मान आहे तेही सांगितलं. तिने सगळं आजोबांचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग भिंतीजवळ गेली आणि एकेक फोटो बघू लागली.

"यात तुम्ही कुठे आहात, काका?"

"मी काढलेत. सर्वांत धाकट्याने काढायचा असतो."

"म्हणजे मी आले की मी काढायचा."

"हो," धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडावर उजेड आला. "आणि मी बसायचं."

"आणि माझ्यामागून कोणी आलंच नाही तर?"

धाकट्याने भिंतीवरचा एक कललेला फोटो सरळ केला.

ती टोचून बोलली नाही. आमचाही एक गट आहे, म्हणाली, फोनवरचा. ना खोली, ना बिल्ला. नवं कोणी आलं की जुनी माणसं आपल्यातलं एखादं काम त्याच्या ओंजळीत टाकतात. कुठे एकत्र जमलेच तर त्यालाच मधोमध बसवतात. तिची सुरुवात तिथेच झाली होती. इथला जिना उतरली, त्याच आठवड्यात.

सभासद काही मी होत नाही, म्हणाली, पण आज तुम्हा दोघांचा फोटो काढते. बसा काका.

धाकटा बसला. इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, पण ती इतकी टणक असते हे त्याला ठाऊक नव्हतं. जगाच्या हनुवट्या वरखाली केल्या, आता स्वतःची कुठे ठेवायची ते कळेना. त्याने हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. तिने खांद्यावरचा आपला कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब पोरी," अध्यक्ष म्हणाले. "सभासद नसलेल्याने काढलेला फोटो या भिंतीवर लागत नाही." आवाजात राग नव्हता. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मग मान न वळवता म्हणाले, "ऊठ, धाकट्या."

उद्या ती भिंतच उरणार नव्हती. पोरीने कॅमेरा खाली केला आणि धाकट्याकडे बघत राहिली. उठू नका, असं तिचे डोळे म्हणत होते.

धाकटा उठला.

स्टँडवरच्या जुन्या कॅमेऱ्यात त्याने जपून ठेवलेला रोल भरला होता. त्याने डोळा लावला. अध्यक्ष ताठ बसले होते, नजर सरळ भिंगात. शेजारच्या खुर्चीला अजून त्याच्या अंगाची ऊब असेल. त्याने कॅमेरा हलकेच वळवला. अध्यक्षांचा खांदा कडेला सरकला आणि रिकामी खुर्ची मधोमध आली. अध्यक्षांना ते कळलं नाही. धाकट्याने श्वास रोखला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःचा फोटो काढला.