सरांचं पक्कं लग्न

अमरावतीत स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवणाऱ्या गजेंद्र सरांना स्वतःच्या इंग्रजीपेक्षाही स्वतःच्या भविष्याची जास्त खात्री होती.

"होणार हे पक्कं असंन तर 'विल', रामभरोसे असंन तर 'माइट'. आता मी म्हणीन, आय विल मॅरी. अचलपूरच्या रूपालीच्या बापासंग बोलणं झालं माह्यं. अन् हा संत्राबगीचेवाला श्याम म्हणंन, आय माइट मॅरी. शेतीवाल्याले पोरगी देते कोन?"

सगळा क्लास खिदळला. श्यामही हसला.

पुढच्याच महिन्यात तो पेढे घेऊन आला.

"कोनाचं नशीब फुटलं रे?" पेढा तोंडात टाकत सरांनी विचारलं.

"अचलपूरच्या रूपालीचं, सर. तुमी तिच्या बापाले इचारलं होतं. मी तिले इचारलं."