सहावा खांब

दुकानातून परत आलेला लोकरीचा गोल गळपट्टा कुमुदने उजेडात धरला. विणला होता तिनेच. क्रोशाचा काठ तेवढा दुकानाच्या बाईंनी कुणाकडून तरी करून घेतला होता.

काठाच्या एका शिंपल्यात, म्हणजे शिंपल्याच्या आकाराच्या नक्षीत, पाच खांब, म्हणजे उभे टाके, असतात. इथे प्रत्येकात सहा होते. आई नेहमी सहा घालायची आणि ती चूक तिच्या दोन्ही मुलींनी उचलली होती. धाकटी मालन आईच्या तेराव्याला भांडून गेली, ती अकरा वर्षं बोलली नव्हती.

कुमुद तशीच दुकानात गेली. "हा काठ कोणी केला?"

"कोपरगावच्या एक बाई करतात, नवीनच आहेत. का हो, बिघडलाय?"

हो म्हणावं की नाही, कुमुदला कळेना. राग आलाय की रडू येतंय, तेही उमगेना. मालनच असेल? तिने कुमुदचं विणकाम ओळखलं असेल?

बाईच पुढे म्हणाल्या, "मीही म्हटलं त्यांना, एक खांब जास्त होतोय. तर म्हणाल्या, ज्या ताईंनी विणलंय त्यांना चालेल."

कुमुदने गळपट्टा तिथेच गळ्यात घातला. "त्यांचा नंबर द्या."