मक्याचं पोतं

हत्तीने वहिनीच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडलं होतं. शेतातलं मिरचीचं एक रोपही मोडलं नव्हतं.

जमलेली माणसं मात्र भिंतच बघत होती. तिचा दीर तर विजेच्या तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊनच आला. जंगलाच्या कडेची सगळी शेतं त्याने तारेने बांधून टाकली होती. मध्ये वहिनीचं शेत तेवढं मोकळं होतं. तिने मका सोडून मिरची लावली, तेव्हा हत्ती आता मिरची बघून शिंकत पळणार, म्हणून तो पोट धरून हसला होता. तरी तिथे तार ओढायला एक हंगाम थांबायचं त्याने कबूल केलं होतं. आता कशाला थांबायचं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. हत्ती थेट चुलीपर्यंत आला की.

मिरचीची रोपं देणारी बाई मान खाली घालून उभी होती. तिने माती पाहिली होती, पाणी पाहिलं होतं. घरात काय ठेवता, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

वहिनी विटा बाजूला करत होती. खालून एक फाटकं पोतं निघालं. निम्मा मका हत्तीने खाल्ला होता, बाकीचा राखेत सांडला होता. पोतं दिरानेच आणून टाकलं होतं. टोमणा मारत का होईना, वहिनी उपाशी राहू नये म्हणून आणलं होतं.

"तार ओढू द्या, वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "भिंत मी बांधून देतो."

"तुमच्या तारेला माझी गाय चिकटली, तेव्हा काय बांधून दिलंत?"

हत्तीची पावलं मऊ मातीत अजून ताजी होती. मिरचीला लांबून वळसा घालून ती घरामागे आली होती. वहिनीने पोतं त्या पावलांवरून ओढत नेलं आणि दिराच्या पायाशी टाकलं.

"तुमचा पाहुणा, भावोजी. तुमचाच मका हुंगत आला."

"आणि पुन्हा आला तर?"

तिने अंगणात वाळत घातलेली पहिल्या तोड्याची मिरची सुपात भरून आणली आणि भगदाडात, विटांच्या ढिगावर ओतली. लाल धुरळा उडाला. दिराला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तारेचं भेंडोळं सावरत, खोकत, तो मागे मागे सरत पार बांधापर्यंत गेला.

वहिनीने सूप झटकलं.

"असाच जाईल," ती म्हणाली.