पहिला कोण?

"तू कुणाचं बघून शेअर विकलेस?" उन्मेषनं विचारलं.

कैलासनं जीन्स शिवायचं मशीन थांबवलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याचा छोटा कारखाना होता. राहायला दोघं बदलापूरला, एकाच इमारतीत.

"श्रद्धाताईंचं. त्या बोलल्या, आत्ताच काढ, नायतर हातात काय नाय राहणार. अख्खी बिल्डिंग विकत होती यार. तू पण विकलेस ना?"

"तुम्हा सगळ्यांचं बघून."

युद्धाच्या बातम्या आल्या, बाजार कोसळला आणि इमारतीत सगळ्यांनी धडाधड शेअर विकले. उन्मेष थांबला होता. पण जिन्यात भेटेल तो "मी सुटलो बाबा" म्हणू लागला, तसा त्याचा धीर सुटला. लेकीच्या, इराच्या कॉलेजसाठी जपलेले शेअर त्यानं सकाळी बाजार उघडताच काढून टाकले. दुसऱ्याच दिवशी भाव चढू लागले. ते अजून चढतच होते.

गेलं ते गेलं. पण सुरुवात कुणी केली? उन्मेष आनंदनगरच्या एका कंपनीत हिशेब बघायचा. चूक कुठून आली ते सापडल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

परतताना तो अंबरनाथला उतरला आणि इमारतीतल्याच श्रद्धाला तिच्या शिकवणीच्या वर्गाबाहेर गाठलं.

"मी हेमचंद्रकाकांचं बघून विकले," ती म्हणाली. "इतकी वर्षं बाजारात आहेत, कधी हलले नाहीत. त्यांनी विकले म्हणजे आतली काहीतरी खबर असणार, नाही का?"

उन्मेषलाही तसंच वाटत होतं. इमारतीत परतताच तो थेट काकांच्या दारात जाऊन उभा राहिला. कुंदाकाकू चहा टाकायला आत गेल्या.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काय कळलं होतं?"

"मला कोण काय कळवणार?"

"मग विकले कशाला?"

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"थट्टा करतोस का रे? सगळ्यांत आधी विकलेस तू, आणि विचारतोस मला?"

"मी? मी तर सगळ्यांत शेवटी विकले."

"असं कसं? मंगळवारी देवळात तुझी आई हिला भेटली. म्हणाली, आमच्या उन्मेषनं कालच सगळं विकून टाकलं. मी म्हटलं, हा हिशेबातला माणूस, उगीच नाही घाबरायचा. घरी आलो आणि पहिलं ते काम केलं."

सोमवारी टीव्हीवर बाजार कोसळल्याच्या बातम्या बघून आईनं ताट बाजूला सारलं होतं, आणि तिनं दोन घास तरी खावेत म्हणून उन्मेष म्हणाला होता, "अगं, विकले मी सगळे. जेव तू."