दोन खणांचं कपाट

आईने वरचा खण हलकेच आत लोटला, तसा खालचा आपोआप बाहेर आला.

ती दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं. सुतारकामाच्या शाळेचं प्रदर्शन होतं, मुलामुलींनी केलेल्या खुर्च्या, टेबलं, पाळणे मांडलेले. सुदैवाने सगळी गर्दी पलीकडच्या टेबलाभोवती होती. तिने खालचा खण लावला. आता वरचा बाहेर. घ्या! रंधा मारून मारून पोरीने हाताला घट्टे पाडून घेतले आणि दोन खण धड मिटत नाहीत.

खरं तर आई तिला न्यायलाच आली होती. सोमवारपासून मामाच्या ऑफिसात बसायचं, पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही, असं घरी ठरलेलं. खण बिघडलेले बघून तिला बरंच वाटायला हवं होतं. पण पोटच्या पोरीची चारचौघांत फजिती कुणाला बघवते? ती वळली आणि दोन्ही खणांना पाठ लावून उभी राहिली.

नेमके तेव्हाच मास्तर आले, बरोबर दोन परीक्षक. मागे पोरगी, नखं खात.

"जरा बाजूला होता का, ताई?"

"मास्तर, एवढी चूक पोटात घाला," आई हळूच म्हणाली. "एक लावला की दुसरा उघडतोय. पण खपलीय हो फार."

पोरीने कपाळाला हात लावला.

मास्तरांनी वरचा खण लावला. खालचा आला. त्यांनी खालचा लावून पाहिला. वरचा आला.

"केसभर फट ठेवली नाही हिने," मग ते म्हणाले. "आतली हवा जाणार कुठे? ती दुसऱ्या खणाला ढकलते. मला हे जमायला अर्धं आयुष्य गेलं."

परीक्षकांनी वाकून सांधे पाहिले, माना डोलावल्या आणि पुढे गेले.

"बॅग भरून ठेवलीय," पोरगी आईला म्हणाली. "निघू या."

आई जागची हलली नाही. एका हाताने तिने वरचा खण दाबून धरला आणि दुसऱ्याने खालचा आत लोटला. वरचा तळहाताला रेटू लागला. तिने आणखी जोर लावून पाहिला. मग हात काढून घेतला, तसा तो सावकाश बाहेर आला.

"जा, बॅग रिकामी कर," आई म्हणाली. "मामाचं मी बघते."