जोडप्याची जागा

घरदार विकून वेंडेल आणि नॉर्मा चाकांवरच्या घरात राहू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात, पर्यटक तंबू ठोकतात त्या या कॅम्पवर त्यांना बिनपगारी राखणदारी मिळाली. बदल्यात देवदारांखाली गाडीपुरती जागा, वीज-पाणी फुकट. अट एवढीच, की राखणदार जोडपंच हवं.

या जुलैत वेंडेल एकटाच चुलींमधली राख उपसताना दिसला, तेव्हा रेंजर ट्रूडीने हटकलं, "काय म्हातारबा, बाईसाहेब कुठायत?"

"झोपल्यात. हळू बोल गं, उठवलीस तर बोलणी मला बसतील."

ट्रूडी हसली. "झोपू देत. पुढच्या वर्षीही जागा तुम्हा दोघांचीच!"

वेंडेलने गाडीत शिरून दार लावून घेतलं.



मे महिन्यात नॉर्मा दवाखान्यातच वारली होती. आणि शेजारच्या तंबूंत ऐकू जाईल म्हणून त्याला अजून मोठ्यानं रडताही आलं नव्हतं.